हुकमाचे ताबेदार?

रानवाट
गेल्या आठवड्यात इथे युद्धपटांतल्या जर्मन सैनिकांवर एक लेख आला. लेखकाने जर्मन पाणबुडीवरचा 'दास बोट' हा सिनेमा तिसऱ्यांदा पाहिला, डोळे भरून आले, इथवर ठीक. पण शेवट असा होता: "साधा सैनिक कुठल्याही देशाचा असो, तो हुकमाचा ताबेदार. त्याला ना राजकारण कळत, ना ज्यूंच्या छळछावण्या माहीत. पाप वरच्यांचं." खाली सगळे 'अगदी मनातलं' म्हणून गेले. दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतेय.

सिनेमा थोरच आहे. दिग्दर्शक पीटरसनने १९८१ साली त्या लोखंडी नळकांड्यात आपल्याला असं कोंडलंय की डिझेल आणि घामाचा वास येतो. पण माणसं कशी वाटून दिलीत ते बघा. कप्तान हिटलरच्या नावाने बोटं मोडणारा, खलाशी घरच्या आठवणीने व्याकूळ, आणि पक्का नाझी म्हणून एकच तो नीटनेटका फर्स्ट ऑफिसर. हाच साचा पुढे किती जणांनी उचलला! दहा भले जर्मन आणि एक दुष्ट नाझी. आपण अर्थात त्या दहांच्या बाजूने रडतो.

आता 'माहीत नव्हतं' या मुद्द्याकडे येते. नाझींविरुद्ध पत्रकं काढणारा हान्स शोल लष्करातलाच होता, वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या तुकडीतला. १९४२ च्या उन्हाळ्यात, रशियाच्या आघाडीवर पाठवणी व्हायच्या आधी, त्याने आणि त्याचा मित्र श्मोरेलने म्युनिकमध्ये जी पत्रकं काढली त्यातल्या दुसऱ्याच पत्रकात पोलंडमध्ये तीन लाख ज्यूंची कत्तल झाल्याचं लिहिलंय. म्युनिकमधल्या पोरांना जे माहीत होतं ते बाकीच्या फौजेला नव्हतं? १८ फेब्रुवारी १९४३ ला हान्स आणि त्याची बहीण सोफी विद्यापीठात पत्रकं टाकताना शिपायाच्या हाती सापडले, चौथ्या दिवशी दोघांची मुंडकी उडवली. सोफी २१ वर्षांची होती. तिच्यावरचा २००५ चा सिनेमा पाहा. बराचसा एका खोलीतली चौकशी आहे. चौकशी अधिकारी तिला वाट काढून देतो, म्हणतो भावाच्या मागे गेलीस असं सांग. ती नाही म्हणते. हुकमाची ताबेदारी काय असते आणि ती कशी मोडायची, ते त्या टेबलाच्या दोन बाजूंना बसलंय.

कडूकारलं
लेख माझाच, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पंख्याखाली बसून दुसऱ्याला शौर्य शिकवणं फार सोपं असतं, ताई. येगरश्टेटरचं काय झालं? ऑस्ट्रियातला शेतकरी, घरी बायको आणि तीन लहान मुली. हिटलरची शपथ घेणार नाही म्हणाला, ९ ऑगस्ट १९४३ ला मारला. फौज सोडून पळालेले हजारोंनी मारले. त्यांच्यावरच्या शिक्षा जर्मनीच्या संसदेने सरसकट रद्द केल्या त्या २००२ साली, म्हणजे लढाई संपून ५७ वर्षांनी. तोवर ते कागदोपत्री गुन्हेगारच.

एक सांगतो, जे घरीही फारसं बोललेलो नाही. नोकरीत असताना साहेबाने खोट्या नोंदीवर सही करायला लावली. मी केली. धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती. माझ्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती, फक्त बदलीची धमकी होती. जो माणूस तिथे वाकला तो त्या पाणबुडीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराला कुठल्या तोंडाने नावं ठेवेल? लढाईच्या काळात पाणबुड्यांवर ४० हजार गेले, ३० हजार परत आले नाहीत, हे सिनेमाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. मी त्यांच्यासाठी रडलो, पुन्हाही रडेन.

तिसरीघंटा
दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. फौजेत यायलाच नकार दिला तर मरण होतं, खरंय. पण नि:शस्त्र माणसांवर गोळी झाडायला नकार दिला तर? पोलंडमधलं युझेफुव, १३ जुलै १९४२. हॅम्बुर्गहून आलेल्या राखीव पोलिसांच्या १०१ क्रमांकाच्या बटालियनला गावातले ज्यू मारायचे होते. त्यांचा मेजर ट्राप रडवेला होऊन म्हणाला, वयस्कांपैकी ज्याला झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. पाचशेच्या आसपास माणसं, बाजूला झाले जेमतेम डझनभर. त्यांना कोणी मारलं नाही, दुसरी कामं दिली. उरलेल्यांनी दिवसभर गोळ्या झाडल्या. असा प्रसंग पडद्यावर आणायला हवा, पाणबुडीचा घाम पुष्कळ झाला.

चिंचगूळ
मला एकच म्हणायचंय, जर्मन लोकांना इंग्रजी बोलायला लावणं थांबवा! 'वाल्किरी'त जर्मन अधिकारी श्टाउफनबर्ग टॉम क्रूझच्या अमेरिकन उच्चारात हिटलरविरुद्ध कट करतो, कसं पटायचं? आमच्या फिल्म सोसायटीत 'दास बोट'ची डब केलेली प्रत लावली होती, मी मध्यंतरात उठून आले. 'डाउनफॉल'मध्ये हिटलर झालेल्या ब्रुनो गान्झचा आवाज काढून टाकला तर उरतं काय?

रानवाट
चिंचगूळ, 'डाउनफॉल'चं नाव काढलंत ते बरं झालं. शेवटी खरी ट्राउडल युंगे येते, हिटलरची सेक्रेटरी, म्हातारी झालेली. सांगते की लहान वयाची सबब ती बरीच वर्षं स्वतःला देत होती. मग एकदा सोफी शोलच्या स्मृतिफलकावरून जाताना लक्षात आलं की ही मुलगी जवळपास आपल्याच वयाची. तेव्हा तिला कळलं की वय ही सबब नाही. हे ती स्वतःबद्दल बोलतेय, कडूकारलं. मी पंख्याखाली बसून बोलत नाहीये.

आजरेकर
माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, इटलीत होते, १९४४ साली. त्याच वर्षी जुलैत यशवंत घाडगेंनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्यांचं नाव निघालं की ताठ बसत. पण स्वतःची गोष्ट एकच सांगायचे. पकडलेला एक जर्मन पोरगा, मिसरूड न फुटलेला, पावसात कुडकुडत होता. यांनी चहा दिला तर त्याने पट्ट्याचं बक्कल काढून हातात ठेवलं, द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून. आमच्या ट्रंकेत आहे अजून. गरुड, स्वस्तिक आणि वर गोलात अक्षरं, 'देव आमच्यासोबत'. त्या पोराने आधी काय केलं होतं ते आजोबांनी विचारलं नाही, भाषाच नव्हती. मीही विचारणार नाही.

म्हापसेकार
तुम्ही सगळे जर्मनीत अडकलात. हुकूम मोडणारा सैनिक आमच्या गोव्यात होऊन गेला आणि त्याच्यावर धड सिनेमा नाही. वासालो ई सिल्वा, पोर्तुगालचा शेवटचा गव्हर्नर. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज आली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरणागती नाही, एक तर विजयी नाही तर मेलेले सैनिक हवेत. याने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्याचे तीन हजारांवर सैनिक जिवंत राहिले, पणजी उभी राहिली. मायदेशी गेल्यावर सालाझारने त्याला फौजेतून काढलं, परत घेतलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर. आमची आजी म्हणायची, त्या माणसाने आमचं घर वाचवलं.

पत्रादेवी५५
वासालो हीरो?? माझे मोठे काका १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहात होते. हातात झेंडा, खिशात काही नाही, समोरून गोळीबार. वीसाहून जास्त मेले त्या दिवशी. काका जन्मभर डावा पाय ओढत चालले. आणि तुम्ही त्या राजवटीच्या गव्हर्नराला हार घालताय?

म्हापसेकार
१९५५ ला तो गव्हर्नर नव्हता. तो १९५८ ला आला. आधी सनावळी बघा, मग आवाज चढवा.

पत्रादेवी५५
सनावळी मला शिकवू नका. ५८ ते ६१ आग्वादचा तुरुंग रिकामा होता का? स्वातंत्र्यसैनिकांना मारहाण करणारे पोलीस कोणाच्या हाताखाली होते? तीन वर्षं हुकूम पाळले आणि शेवटच्या दोन दिवसांत एक मोडला, तोही स्वतःची माणसं वाचवायला. गोंयकारांसाठी नव्हे.

म्हापसेकार
आजीचं घर कोणासाठी वाचलं याचा हिशेब मी मांडत बसत नाही. वाचलं. तुमच्या काकांना माझा नमस्कार, मनापासून. पण त्यांच्या पायाचा दोष या माणसावर टाकू नका.

तिसरीघंटा
दोघंही जरा दमाने. पण पत्रादेवींचा मुद्दा खरा आहे. एक हुकूम मोडला म्हणून आधीचे पुसले जात नाहीत. ट्राप रडला, तरी दिवसअखेर गाव संपलंच.

कडूकारलं
मग रानवाटताईंनी सांगावं, वासालो कुठल्या रांगेत? शोलच्या की ट्रापच्या? तुमच्याकडे दोनच रांगा दिसतात.

रानवाट
शोलच्या नाही. ट्रापच्याही नाही. बरं, दोन रांगांत सगळी माणसं बसत नाहीत, हे तुमचं मान्य करते, खुशीने नव्हे. आजरेकरांच्या त्या पोराबद्दलही मला काही बोलायचं नाही. पण तुमच्या लेखात 'पाप वरच्यांचं' हे वाक्य आहे, ते मागे घ्या. तुम्ही सही केलीत तेव्हा पाप साहेबाचं म्हणून झोपलात का? नाही ना, म्हणून तर इथे लिहिलंत.

पत्रादेवी५५
काका बरीच वर्षं एका पोर्तुगीज शिपायाबद्दल बोलायचे. त्याने बंदूक रोखली होती पण झाडली नाही, मग दुसऱ्याने झाडली. काका त्याला शोधायला लिस्बनला जायचं म्हणत होते. गेले नाहीत. म्हापसेकार, आवाज चढला त्याबद्दल माफ करा. वासालोबद्दल माझं मत तेच आहे.

कडूकारलं
तीन दिवसांनी येतोय. सोफी शोलचा पाहिला, बायकोबरोबर. ती तुरुंगात आईवडलांना शेवटचं भेटते तिथे बायको उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली नाही. मी शेवटपर्यंत बसलो. लेखातलं ते वाक्य काढलंय. 'दास बोट'बद्दल एक अक्षर बदललेलं नाही, बदलणारही नाही.

रानवाट
नका बदलू. फक्त चौथ्यांदा पाहाल तेव्हा टँकरचा प्रसंग नीट पाहा. जहाज तासन्‌तास जळतंय, बोट वर येते, आणि कळतं की त्यावर अजून माणसं आहेत. अंगाला आग लागलेली माणसं पाण्यात उड्या टाकून बोटीकडे पोहत येतात, हाका मारत. कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. तो हुकूम त्याच्याच तोंडचा. तेव्हा बोटीवर उभ्या असलेल्यांचे चेहरे बघा.

कडूकारलं
आठवतंय. तो प्रसंग मी दर वेळी पुढे ढकलतो.