कॉइलच्या ट्रेलरवर पहिल्यांदा जातोय, लायसन्सवर नक्की काय लागतं?

पेणकर२६
नमस्कार मंडळी. वय २६, चार वर्षं पिकअप चालवतोय, भाजी आणि कोंबडीखाद्य. आता मामाच्या ओळखीने ट्रेलरवर काम मिळतंय. डोलवीहून चाकणला स्टीलच्या कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, आणि अधूनमधून बल्लारीहून पुण्याची खेप. माझं लायसन्स एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं आहे. एजंट म्हणतो लायसन्स ट्रान्सपोर्टचं (मालवाहू गाडीचं) करच, वर ‘हॅझार्डस’ म्हणजे धोकादायक मालाची नोंदही चढवून घे, कॉइलला लागतं. मित्र म्हणतो काही नको, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय की एलएमव्हीवर चालतं. त्यात आईला कोणीतरी कॉइल केबिन फोडून पुढे आल्याचा व्हिडिओ दाखवलाय. रोज जेवताना तोच विषय. खरं काय ते जाणत्यांनी सांगा.

तळोजा_लाइन
हॅझार्डस करून टाक भावा. परतीला तळोजा-रसायनीचे केमिकलचे ड्रम मिळतात, गाडी रिकामी येत नाही.

बल्लारीवाला
बाळा, २२ वर्षं ट्रेलरवर काढली, त्यातली निम्मी बल्लारी-चाकण कॉइल. आधी कागदाचं सांगतो, ते थोडक्यात आहे.

मित्राने निकाल अर्धाच ऐकलाय. ती सूट ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला. तुझ्या ट्रेलरवर एकेक कॉइलच वीस-पंचवीस टनांची असेल, तेव्हा ट्रान्सपोर्ट लागणारच. वय २० पूर्ण आणि एलएमव्ही वर्षभर जुनं हवं, ते तुझं आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, डॉक्टरचा फॉर्म १ए, आणि आरटीओत टेस्ट. पाच वर्षांनी नूतनीकरण. कॉइल कायद्याने धोकादायक मालात बसत नाही, त्यामुळे एजंट चुकीचं सांगतोय. परतीला अॅसिड, थिनर भरायचं ठरलं तर मात्र हॅझार्डसची नोंद हवीच. त्याला तीन दिवसांचा कोर्स असतो. तो मन लावून कर, नुसतं सर्टिफिकेट विकत घेऊ नकोस.

आता खरं बोलायचं ते पुढे आहे. लायसन्सवर कितीही शिक्के असू देत, कॉइल कशी बांधायची हे आपल्याकडे टेस्टमध्ये कोणी विचारत नाही. ते गेटच्या आत, गाडी निघायच्या आधी, तुझं तुलाच बघावं लागतं.

२०११ ची गोष्ट. सीआर (थंड लाटलेल्या) कॉइल होत्या, तेलकट. ट्रेलरच्या उघड्या लोखंडी तळावर ठेवलेल्या. भरणाऱ्याने लाकडाचे गुटके लावले, मी वरवर बघितलं आणि निघालो. खंबाटकीचा बोगदा संपवून खाली एस वळणावर आलो तर पुढे टेम्पो आडवा आला. ब्रेक दाबला आणि मागून टण्ण करून आवाज. तो आवाज अजून कानात आहे. जागा मिळाल्यावर गाडी बाजूला घेऊन बघितलं. पुढची कॉइल चार बोटं सरकलेली, एक गुटका उभा चिरलेला, आणि साखळी इतकी ढिली की हाताने हलत होती. अजून एक ब्रेक जोरात लागला असता तर आज हे लिहायला मी नसतो. क्रेन येईपर्यंत अर्धा दिवस गेला. मालकाने उशीर झाला म्हणून भत्ता कापला. कापू दे. गाडी पुढे नेली नाही हे मी बरोबरच केलं.

तेव्हापासून काय करतो ते ऐक. कॉइलच्या पोटाखालून हात किंवा पुठ्ठा सरकवून बघतो. कॉइलचा भार दोन्ही बाजूंच्या गुटक्यांवर पाहिजे, पोट तळाला टेकायला नको. टेकलं तर गुटके नुसते शोभेचे. खाली रबर टाकतो. लोखंडावर लोखंड, त्यात तेल, म्हणजे साबणावर साबण. जोरात ब्रेक लागला की माल आपल्या वजनाच्या ऐंशी टक्के जोराने पुढे ढकलतो, असा हिशोब धरून बांधायचं असतं. म्हणजे २४ टनांच्या कॉइलला १९ टनांच्या वर. एक साखळी डोळ्यातून (कॉइलच्या मधल्या भोकातून) आणि दोन वरून टाकून ते निभत नाही. साखळीच्या बिल्ल्यावर तिची ताकद लिहिलेली असते, ती वाच. बिल्ला नसेल तर ती साखळी कॉइलला वापरू नकोस. पट्टा कॉइलच्या धारेवर कधीच थेट घालू नकोस, कापला जातो. मध्ये अँगल नाहीतर जाड रबर हवं.

आणि उतार. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे मी डोळ्यांनी बघितलेत. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि खाली पोहोचेपर्यंत पॅडलखाली काही उरत नाही. उताराच्या आधीच गिअर खाली घे, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू ठेव.

पेणकर२६
काका, मनापासून आभार. एजंटला आजच नाही सांगतो. पण शेठकडे रबर मॅट मागितली आणि त्यांनी हाकलून दिलं तर? नवीन माणूस आहे मी.

कळंबोली_यार्ड
मी लोडिंगवर असतो, एक सांगू का? कॉइल हुकला लागायच्या आधी बोल. ‘दादा, थोडं मागे घ्या, गुटके बदला’ एवढं आधी सांगितलंस तर आम्ही ऐकतो. एकदा टेकवली आणि हुक सुटला की मागे पुढची गाडी उभी असते, परत कोणी उचलत नाही. अरुंद स्लिट (पट्ट्या कापून केलेल्या) कॉइल उभ्या ठेवल्या असतील तर एकमेकींना घट्ट बांधल्याशिवाय निघू नकोस, त्या लोळत नाहीत, आडव्या पडतात. आणि बांधताना कॉइल आणि पुढच्या फळीच्या मध्ये कधी उभा राहू नकोस.

बल्लारीवाला
यार्डवाल्या भावाचं सोन्यासारखं आहे, लिहून ठेव. मॅटचं म्हणशील तर मी पहिली शेठकडे मागितलीच नाही. भंगार बाजारातून जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे घेतले, हातभर लांब, आठ-दहा. केबिनच्या मागे बांधून ठेवतो, कोणालाही देत नाही. पुढे मालकानेच बघून बाकीच्या गाड्यांना घेऊन दिले.

वजनाचंही बघ. बिल्टी (मालाचा कागद) आणि काट्याची पावती जुळली पाहिजे आणि वजन आरसीवरच्या मर्यादेच्या आत पाहिजे. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायला लावतात.

डोलवीहून निघालास की पेणला थांब. लाकूड तेवढ्यात बसतं आणि साखळी हमखास ढिली होते. ती ताण. मग बोरघाट चढायच्या आधी, खोपोलीत पुन्हा एकदा. चढावर माल मागे ओढतो, तेव्हा त्याला मागे जाऊ न देणाऱ्या साखळ्या आधी बघ. पेण तुझं गावच आहे. पहिल्या खेपेला आईला बोलव रस्त्यावर आणि साखळ्या ताणताना तिला दाखव.