फेअरफॅक्स काउंटीच्या शाळा आणि 'सुशिक्षित स्थानिक मनुष्यबळ': प्रत्यक्षात किती तथ्य आहे?

कोथरूडकर (प्रश्न):
नमस्कार. माझी कंपनी मला एल-वन व्हिसावर पुण्याहून व्हर्जिनियातील टायसन्स येथील कार्यालयात पाठवत आहे. बदलीच्या कागदपत्रांबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत फेअरफॅक्स काउंटीचे (टायसन्स ज्या जिल्ह्यात येते, त्याचे) दोन गुण पानापानावर सांगितले आहेत: उत्तम सरकारी शाळा आणि सुशिक्षित स्थानिक मनुष्यबळ. आमच्या ओळखीत सरकारी शाळेत मुलांना घालणारे एकही कुटुंब नाही, त्यामुळे हे वाचून थोडा संकोच वाटतो. मुलगा सातवीत आहे. पत्नी बी.कॉम. असून तिने नऊ वर्षे लेखा विभागात काम केले आहे. हे दोन्ही गुण खरे असतील, तर त्यांचा आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला कितपत उपयोग होतो? तिथे राहणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रेस्टनवासी:
सरकारी शाळेचा संकोच विमानतळावरच सोडून या. येथे डॉक्टर, वकील आणि कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारीही आपली मुले त्याच पिवळ्या बसमध्ये बसवतात. काउंटीच्या सुमारे दोनशे शाळांत मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. व्हर्जिनियात शाळा मंडळाला स्वतःचा कर लावता येत नाही. काउंटीच्या अंदाजपत्रकातून त्याला निधी घ्यावा लागतो. फेअरफॅक्समध्ये काउंटीच्या सर्वसाधारण निधीचा निम्म्याहून अधिक भाग शाळांकडे जातो, आणि तो मुख्यतः घरपट्टीतून उभा राहतो. ही घरपट्टी घराच्या किमतीच्या एक टक्क्याहून थोडी अधिक असते, आणि घरांच्या किमती तर तुम्ही पाहिल्याच असतील. म्हणजे शाळेची फी नसली, तरी ती तुमच्या भाड्यात आधीच धरलेली असते.

कोणती शाळा मिळणार हे घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येते यावर ठरते, त्यामुळे घर घेताना मात्र पत्त्यावर विश्वास ठेवू नका. फॉल्स चर्च हे स्वतंत्र शहर असून त्याचे शाळा मंडळही वेगळे आहे, पण टपाल खात्याच्या लेखी 'फॉल्स चर्च' असलेली हजारो घरे प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत येतात. आम्ही घर घेतले तेव्हा दलालाने ज्या हायस्कूलचे नाव घेऊन किंमत चढवली होती, त्याची हद्द आमच्या मागच्या रस्त्यावर संपत होती. शाळा मंडळाच्या संकेतस्थळावर घरक्रमांक टाकला की कोणती शाळा लागते ते मिनिटभरात कळते. आम्ही ते सही केल्यानंतर केले. टायसन्सजवळच्या मार्शल हायस्कूलमध्ये आय.बी. हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, तर मॅक्लीन हायस्कूलमध्ये ए.पी. म्हणजे महाविद्यालयीन पातळीचे सुटे विषय आहेत, तेव्हा मुलाचा कल पाहून मगच भाग निवडावा.

मुलगा येथे आठवीत बसणार असल्याने थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञान हायस्कूलविषयी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगेल. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा प्रवेश नववीत होतो आणि अर्ज आठवीत करावा लागतो. २०२० पासून लेखी प्रवेशपरीक्षा बंद झाली असून आता आधीच्या श्रेणी, स्वतःविषयीचे लेखन आणि एक निबंध पाहिला जातो, आणि प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतील दीड टक्का मुलांसाठी जागा राखलेल्या असतात. हे प्रकरण न्यायालयात गेले होते; २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. अर्जासाठी आठवीत बीजगणिताचा 'अल्जिब्रा वन' हा विषय तरी नोंदवलेला असावा लागतो. आपल्या मुलांना त्यातले बरेच येत असते, पण वेळापत्रकात तो विषय नसेल तर त्या येण्याला काही अर्थ राहत नाही. नाव घालताना समुपदेशकांकडे हे स्पष्ट बोला.

पोटोमॅककाठी:
वरील माहिती योग्य आहे, परंतु पुस्तिकेतील 'स्थानिक' या शब्दाला माझी हरकत आहे. येथील पंचवीस वर्षांवरील रहिवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक पदवीधर आहेत, आणि संपूर्ण अमेरिकेत हे प्रमाण जेमतेम पस्तीस टक्क्यांच्या घरात आहे, हे खरेच. पण हे पदवीधर या शाळांनी घडवले असे समजणे म्हणजे धरणातले पाणी भिंतीने निर्माण केले असे म्हणण्यासारखे आहे. रहिवाशांपैकी सुमारे तीस टक्के परदेशात जन्मलेले आहेत. उरलेल्यांतही पेंटागॉन, सी.आय.ए. किंवा सरकारी कंत्राटांसाठी देशभरातून आलेले लोक भरपूर आहेत. पुण्याचे महाविद्यालय तुम्हाला शिकवते आणि आकडा मात्र फेअरफॅक्सच्या पुस्तिकेत चढतो. आईवडील शिकलेले असले की मुलांचे गुण वाढतात, त्या गुणांमुळे आणखी शिकलेले आईवडील येतात. यात शाळेचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

शिवाय संरक्षण कंत्राटांतील बऱ्याच नोकऱ्यांना सुरक्षा मंजुरी (गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी) लागते आणि ती सामान्यतः नागरिकांनाच मिळते, त्यामुळे या मनुष्यबळाच्या बाजारातील मोठा भाग आपल्यासाठी बंदच असतो. २०२५ च्या केंद्रीय नोकरकपातीनंतर त्या बाजाराचा भरवसाही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

नाशिककन्या:
धरणाची उपमा मला अर्धीच पटते, कारण इथे पाणी साठवण्यापलीकडेही काही घडते आणि ते मी स्वतः अनुभवले आहे. मीही बी.कॉम. होऊन आले. व्हिसाच्या अटींमुळे पहिली काही वर्षे नोकरी करता आली नाही. कोथरूडकर, तुमच्या पत्नीला एल-टू व्हिसावर ही अडचण येणार नाही, कारण २०२१ पासून अशा जोडीदारांना वेगळा परवाना न काढता काम करता येते.

मी नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज या दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाच्या ॲनंडेल परिसरात संध्याकाळचे अकाउंटिंगचे वर्ग घेतले. माझ्या बाकावर दिवसभर छपराचे काम करून आलेला एल साल्वादोरचा मुलगा असे. त्याच्या वहीच्या पानांना डांबराचा वास यायचा. पलीकडे टॅक्सी चालवणारे इथिओपियाचे गृहस्थ आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या एक बाई बसत. मला डेबिट-क्रेडिट तोंडपाठ होते, पण अमेरिकेचा करफॉर्म भरताना त्या मुलाने मला शिकवले, कारण तो आपल्या काकांच्या धंद्याचे हिशेब आधीपासून सांभाळत होता. हे महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. येथून जॉर्ज मेसन विद्यापीठात जाण्यासाठी २०१८ पासून 'ॲडव्हान्स' नावाची जोडयोजना आहे, जिच्यात दोन्हीकडचे विषय आधीच जुळवून दिलेले असतात, म्हणजे पदवीसाठी घेतलेला विषय पुढे वाया जात नाही. तो मुलगा त्याच मार्गाने गेला. पुस्तिकेत 'स्थानिक' शब्द कोणाला शोभत असेल, तर त्याला.

ॲनंडेल किंवा जस्टिस हायस्कूलची क्रमवारी पाहून लोक नाके मुरडतात, याचे मला वाईट वाटते. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या आणि काही तर मध्येच शिक्षण सुटलेल्या मुलांना तिथले शिक्षक चार वर्षांत हायस्कूल उत्तीर्ण होण्यापर्यंत नेतात. मॅक्लीनमधील शिक्षकांना तेवढे अंतर कापावेच लागत नाही.

कोथरूडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुरक्षा मंजुरीची बाब मला ठाऊक नव्हती. एक शंका राहिली: पत्नीची भारतातील पदवी तिथे जशीच्या तशी मानली जाते का?

नाशिककन्या:
खासगी कंपनीत बहुधा अनुभवच पाहतात. पण पुढे सी.पी.ए. (आपल्याकडच्या सी.ए.सारखी तिथली पात्रता) करायचे असेल तर पदवीचे अधिकृत मूल्यांकन लागते आणि त्यासाठी विद्यापीठाकडून शिक्कामोर्तब केलेल्या गुणपत्रिका मागवाव्या लागतात. इथे आल्यावर मला त्या मिळवायला चार महिने लागले आणि भावाने तीन खेपा घातल्या. सीलबंद पाकिटाचे दोन संच निघण्यापूर्वीच घ्या, आणि ते फोडू नका.