उसण भरल्यावर आठवडाभर झोपून राहू नका

कंबरेत उसण भरली की आठवडाभर फळीवर पडून राहा, असा सल्ला बरेचदा मिळतो. ते करू नका. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त आडवं राहिलं की अंग आखडतं आणि दुखणं लांबतं. पहिल्या काही तासांत उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबा आणि गुडघा काटकोनात, १०-१५ मिनिटं.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगावरून खाली सोडता सोडता हातांनी रेटा द्या. नुसते खांदे आधी वळवले तर कंबर पिळली जाते आणि जीवघेणी कळ येते.

मग दर तासाभराने घरातच पाच मिनिटं चाला. शेक टॉवेल गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने, १५-२० मिनिटं. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता. पुण्यात खरा घात करते ती स्कूटर: खड्डे, गतिरोधक, आणि ती डबल स्टँडवर चढवणं तर त्याहून वाईट. पर्वतीची टेकडी चढणंही सध्या राहू द्या, सपाट रस्ता बरा.

आयब्युप्रोफेन जेवणानंतरच, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. एमआरआयची घाई बहुतेकांना करावी लागत नाही. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

आणि पायातली कळ हळूहळू वर सरकून कंबरेत एकवटत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते सुधारणेचंच लक्षण समजतात.