युद्धाच्या दिवसांतलं घर : काय कमी पडलं, कसं भागवलं?

मंडळी, लढायांवर भरपूर लिहिलं गेलंय. पण त्याच दिवसांत घरची चूल कशी पेटत होती, हे कुणी लिहून ठेवत नाही. दुसरं महायुद्ध जाणत्या वयात पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या पुढे आहेत. म्हणून हा धागा. 1939 पासून 1971 पर्यंतच्या कुठल्याही युद्धात तुमच्या घरात कशाची टंचाई झाली, त्याऐवजी काय वापरलं, कोणती सवय कायमची लागली, ते लिहा. ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकलं तेही सांगा. "फार हाल झाले" एवढ्यावर थांबू नका, हाल कसे झाले ते हवंय.

सुरुवात मीच करते. आजी गिरगावातल्या चाळीत राहायची, माहेर रत्नागिरीकडचं. दोन्ही वेळा भात लागणारं घर. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. कार्डावर तांदूळ मोजकाच, बाकी जे धान्य येईल ते. तांदळाची भाकरी आजीच्या हातची सुरेख व्हायची, बाजरीची मात्र परातीतच फुटायची. शेजारच्या घाटावरच्या मावशींनी तिला शिकवलं : पीठ ताजं दळलेलं हवं, पाणी कोमट हवं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं. भाताची पेज तर तिने पुढे आयुष्यात कधी ओतून दिली नाही.

तेव्हा तांबंही लढाईला लागत होतं. 1943 पासून एक पैशाच्या नाण्याला मधोमध भलं मोठं भोक आलं. आजी ते पैसे दोऱ्यात ओवून, गाठ मारून कनवटीला लावायची. तिचं म्हणणं, त्या दिवसांत खिशापेक्षा दोरा बरा. यापुढचे अनुभव तुमच्यापैकी काहींनी लिहिलेले.

सातारा जिल्हा, महायुद्धाचा काळ

वडिलांकडून ऐकलेलं. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या मागे पिंपासारखी भट्टी. निघायच्या आधी क्लीनर पंख्याचं हँडल गरागरा फिरवून निखारे फुलवायचा, तोवर उतारू झाडाखाली बसून. घाटात गाडीचा दम संपला की सगळ्यांनी उतरायचं आणि चालत वर जायचं. लेकुरवाळी आणि म्हातारी माणसं तेवढी आत. कपडे धुराने असे माखायचे की वडील प्रवासाचा सदरा वेगळाच ठेवत.

नागपूर

आजोबा रेल्वेत होते. सप्टेंबर 1942 पासून युद्ध संपेपर्यंत देशाचं घड्याळ एक तास पुढे होतं, दिवसाचा उजेड जास्त वापरता यावा म्हणून. घरात दोन वेळा चालायच्या. आजोबांचा डबा नव्या टायमाने, देवपूजा जुन्या.

सोनार घरातून, 1962-63

हा अनुभव जरा वेगळा आहे, पण लिहायलाच हवा.

चीनच्या आक्रमणानंतर राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा झाल्या. बायकांनी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. माझ्या आईने लग्नातली एकदाणी दिली. ती वडिलांनीच स्वतःच्या हाताने घडवलेली होती. त्या वेळी आमच्या पेठेत कुणाला त्याचं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले होते, त्याचाच अभिमान सगळ्यांच्या तोंडी होता.

जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. 14 कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. सोन्याची हाव कमी व्हावी, परकीय चलन वाचावं, हा हेतू. वडिलांना हेतू पटला होता. पण 14 कॅरटचं सोनं कडक, तार ओढताना तुटतं, रंगही फिका, आणि गिऱ्हाईक ते हातात घेऊन परत ठेवतं. शेगडी पेटेनाशी झाली. फुंकणी, चिमटे, मुशी सगळं एका गोणपाटात बांधून माळ्यावर गेलं. वडील एका वखारीत हिशेब लिहायला लागले. काका मुंबईला गिरणीत. देशभर असे किती कारागीर हात बांधून बसले, काहींनी तर जीव दिला. देशासाठी दागिना देणाऱ्यांचा सत्कार झाला, तो योग्यच होता. पण ज्यांचा धंदाच गेला त्यांचंही ते योगदानच होतं, असं मला मनापासून वाटतं. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला. वडील तोवर हयात नव्हते.

पुणे, 1965

शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं. पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर देश उभा होता आणि ते येणं दुसऱ्याच्या मर्जीवर होतं. आमच्याकडे सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. हॉटेलंही बंद असत. घरात उपासाची सवय होतीच, पण आईने साबुदाण्याला सक्त मनाई केली. तिचं म्हणणं, उपास म्हणून दुप्पट खायचं असेल तर धान्य वाचलं कुठे? लहानांना दूध, मोठ्यांना ताक. वाचलेले तांदूळ ती वेगळ्या डब्यात टाकायची आणि महिनाअखेरीला तेच काढायची. शास्त्रीजी जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला वारले, आमचा सोमवार त्यानंतरही चालू राहिला.

दादर, डिसेंबर 1971

मी तेव्हा सातवीत. 3 तारखेला लढाई पेटली आणि काळा कागद बाजारातून नाहीसा झाला. वडिलांनी वर्तमानपत्राचे थर एकावर एक डकवले, वरून काळी शाई फासली. खळ कणकेची करायची नाही असं आईने बजावलं, म्हणून भाताच्या शितांनी चिकटवलं. काचा फुटून अंगावर येऊ नयेत म्हणून त्यांच्यावर कागदाच्या पट्ट्यांची फुली. दिव्याला पुठ्ठ्याचं नळकांडं, उजेड फक्त खाली ताटापुरता.

दिवेलागणीच्या आत स्वयंपाक उरकायचा. स्टोव्ह लवकर बंद, त्यामुळे रॉकेलही पुरायचं. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. जिन्याखाली वाळूच्या बादल्या. कुठे फट राहिली की खालून आवाज यायचा, "तिसरा मजला, दिवा!" भोंगा झाला की सगळे तळमजल्यावर. एका रात्री तोफांचे लाल ठिपके आकाशात चढताना दिसले. शेजारच्या काकूंचा मुलगा नौदलात होता. 9 तारखेला नौदलाची युद्धनौका खुक्री बुडाली, तेव्हा त्याचं जहाज वेगळं आहे हे कळेपर्यंत आमच्या मजल्यावर कुणाकडे चूल पेटली नाही.

सांगली, 1971

15 नोव्हेंबरपासून पत्रावर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आई आणि दोन्ही मावश्यांनी ठरवलं, एकच अंतर्देशीय पत्र तिघींनी फिरवायचं. कडेच्या कोऱ्या पट्टीवरसुद्धा मजकूर असायचा.

शेतकरी घरांतून अजून कुणी लिहिलेलं नाही. 1965 च्या आसपास लेव्हीला, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या धान्य खरेदीला, ज्वारी घातल्यावर कणगीत काय उरायचं, बियाणं कसं राखायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी कृपया लिहावं. घरातल्या आजोबांना विचारून लिहिलंत तरी चालेल.