वापरलेलं अणुइंधन: परवाना ४० वर्षांचा, मग तपासणी किती वर्षांची?

एकलहरेकर (धागाकर्ता)
एक गृहीतक धरू. तारापूरच्या अणुभट्ट्यांतलं वापरलेलं इंधन सिन्नरच्या माळावर कोरड्या साठवणीत, म्हणजे पाण्याऐवजी हवेनं गार राहणाऱ्या बंद डब्यांत, ठेवायचं ठरलं. परवाना ४० वर्षांचा धरू. असा प्रस्ताव कुठेही नाही, उगाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. नाशिकची जागा धरली की प्रश्न नीट दिसतात, एवढंच.

माझं म्हणणं: "तात्पुरती साठवण" या शब्दावर पर्यावरण अहवाल बेतायला परवानगीच नको. अमेरिकेचं बघा. १९८२ च्या कायद्यानं सरकारनं हमी घेतली की ३१ जानेवारी १९९८ पासून वीजकंपन्यांकडचं इंधन उचलू. १९८७ मध्ये ते कायमचं पुरायला युक्का माउंटन ही एकच जागा पक्की केली. इंधन अजून जिथल्या तिथे. २०१२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं अणुनियामकाला खडसावलं की कायमची जागा झालीच नाही तर काय, याचा अभ्यास कुठे आहे? २०१४ मध्ये मग तो अभ्यास आला. त्यात साठवणीच्या तीन शक्यता: भट्टीचा परवाना संपल्यावर ६० वर्षं, पुढे आणखी १०० वर्षं, आणि तिसरी शक्यता अनिश्चित काळ. दर १०० वर्षांनी डबे बदलावे लागतील, हेही त्यात धरलं.

आपल्याकडे २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत अणुऊर्जा प्रकल्प आणि अणुइंधनावरची प्रक्रिया 'अ' वर्गात, म्हणजे केंद्राच्या मंजुरीखाली येते. नुसत्या साठवणीचा वेगळा उल्लेख नाही. म्हणून अहवालात काय तपासायचं हे ठरतं त्या कार्यकक्षेतच विचारून घ्यावं: डबा खराब झाला तर इंधन कुठे काढणार, कोण काढणार, पैसे कुठल्या खात्यातून?

ओझरचा रहिवासी
साफ असहमत. अनंतकाळाचा हिशेब मागितला की फाइल अडकते आणि इंधन भट्टीजवळच्या पाण्याच्या टाकीतच राहतं. कोरड्या साठवणीपेक्षा टाकी जास्त नाजूक, कारण तिला पंप, वीज आणि पाणी अखंड लागतं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या चौथ्या युनिटच्या टाकीची काळजी साऱ्या जगाला होती. त्याच आवारात कोरड्या साठवणीची नऊ पिंपं होती. त्सुनामीचं पाणी त्यांच्या इमारतीत शिरलं, तरी आतलं इंधन शाबूत राहिलं.

रचनाही समजून घ्या. दीड सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा स्टेनलेस स्टीलचा डबा, झाकण वेल्डिंगनं बंद, आत हीलियम. भोवती पाऊण मीटरच्या आसपास स्टील-काँक्रीटचं कवच. खालच्या झरोक्यांतून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. ना पंप, ना डिझेल.

आणि अमेरिकेची तुलना आपल्याला अर्धीच लागू. तिथे वापरलेलं इंधन थेट पुरायचं धोरण आहे. आपल्याकडे त्यातलं प्लुटोनियम काढून घेतात, म्हणजे पुनर्प्रक्रिया करतात. ट्रॉम्बेचा संयंत्र १९६४ पासूनचा, शिवाय तारापूर आणि कल्पाक्कम. आपल्याकडे साठवण म्हणजे वाटेतला थांबा.

एकलहरेकर
थांबा म्हणता, पण एसटी कधी सुटणार ते फलकावर नाही. कुडनकुलमसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये भट्टीबाहेरची साठवण पाच वर्षांत उभारायला सांगितलं. २०१८ मध्ये मुदत २०२२ पर्यंत वाढवून द्यावी लागली. जुलै २०१९ ची जनसुनावणी पुढे ढकलली. नुसत्या साठवणीची ही गत, तर पुनर्प्रक्रियेच्या वेगावर भिस्त ठेवून ४० वर्षांचा अहवाल कसा लिहायचा?

द्राक्षबाग
गोदावरी नासली तर खाली जायकवाडीपर्यंत सगळ्यांचं वाटोळं. आमची द्राक्षं मग युरोपात कोण घेणार?

ओझरचा रहिवासी
भाऊ, कोरड्या साठवणीत द्रव नसतोच. इंधन म्हणजे भाजलेल्या मातीच्या भांड्यासारख्या टणक गोळ्या, त्या धातूच्या नळीत, नळ्या डब्यात. नदीला लागेल असं वाहतं काही नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपेक्षा पाण्याचा हा मार्ग कितीतरी बंद आहे.

सातपूर वेल्डर
पाण्याची भीती चुकीच्या बाजूनं घातलीत. पिंप अख्खं बुडालं तर पाणीच त्याला गार करतं. वाईट स्थिती ती, जिथे पाणी फक्त खालच्या झरोक्यांएवढं चढतं: हवा बंद, आणि डब्याला पाणी जेमतेम टेकलेलं. म्हणून चौथऱ्याची उंची ठरवताना महापुराची पातळी लागते. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हा नाशिककरांचा मापदंड रामकुंडाला ठीक, माळावर ओढ्यानाल्यांचा वेगळा हिशेब लागेल. पालापाचोळा, घरटी, पॉलिथिन यांनीही झरोके बुजतात. म्हणून दर २४ तासांनी झरोके बघणं किंवा तापमान नोंदणं ही परवान्याची अट असते.

खरी गोम भरतानाच्या कामात आहे. डबा पाण्याखाली भरतात, वर काढून वेल्ड करतात, मग पोकळी कोरडी करतात. निर्वात पंप बंद करून दाब ३ टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) खाली अर्धा तास टिकला, तरच कोरडं समजायचं. दाब चढला म्हणजे आत पाणी उरलंय. घाईत तापमान ४०० अंशांवर गेलं, तर नळीच्या धातूतला हायड्रोजन विरघळतो आणि थंड होताना वाईट दिशेनं जमून नळी ठिसूळ करतो.

हाताळणीही बघा. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रेला ऑगस्ट २०१८ मध्ये डबा खाली सोडताना आतल्या कड्यावर अडकला. डबा धरणारे पट्टे सैल पडले, तरी वरच्यांना वाटलं डबा तळाला टेकला. खाली सुमारे १८ फूट पोकळी. डबा पडला नाही, पण १ लाख १६ हजार डॉलर दंड झाला. असा धोका अहवालातल्या नकाशात दिसत नाही, तो क्रेनवाल्याच्या प्रशिक्षणात असतो.

एक गोष्ट मात्र सिन्नरच्या बाजूची. किनाऱ्यावर खारी हवा वेल्डजवळ स्टीलला तडे पाडू शकते. घाटमाथ्याच्या अलीकडे तो त्रास फार कमी.

निफाडकर
आणि विमानं? ४ जून २०२४ ला सुखोई शिरसगावच्या शेतात पडलं, २०१८ मध्येही एक पडलं होतं. अमेरिकेत युटा राज्यातल्या स्कल व्हॅलीच्या साठवणीचा अर्ज १९९७ चा. जवळून लढाऊ एफ-१६ उडत, म्हणून अपघाताची शक्यता वर्षाला दहा लाखांत एक या मर्यादेखाली आहे का, यावर वाद झाला. २००३ मध्ये परवाना मंडळानं अडवलं. २००५ मध्ये, विमान आदळून डबा फुटण्याची शक्यता त्या मर्यादेखाली आहे, असं मान्य केलं. २००६ मध्ये परवाना मिळाला. बांधकाम कधीच झालं नाही. ओझरची लढाऊ विमानांची धावपट्टी इतकी जवळ असताना हा हिशेब पहिल्या पानावर हवा.

ओझरचा रहिवासी
हा आक्षेप मान्य. पण माझाच मुद्दा पक्का होतो ना? नऊ वर्षं कज्जा, आणि इंधन टाक्यांत.

पंचवटी वकील
दोघंही दाद मागण्याचा दरवाजा विसरताय. जनसुनावणीची जाहिरात ३० दिवस आधी, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी. गणपूर्तीची अट नाही आणि निर्णयाचा अधिकारही नाही, फक्त इतिवृत्त दिल्लीला जातं. मराठीत मिळतो तो सारांश. डबा किती दिवसांनी तपासणार हे आतल्या इंग्रजी पानांत असतं. पर्यावरण मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे ३० दिवसांत जाता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. पण लवाद ज्या कायद्यांवरचे वाद ऐकतो त्यांच्या अनुसूचीत १९६२ चा अणुऊर्जा कायदा नव्हताच. म्हणजे हवा-पाण्यावर भांडा, वेल्डिंगच्या अटीवर नाही.

अमेरिकेतही जून २०२५ मध्ये तेच झालं. टेक्सासमधल्या साठवणीवर सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ नं सांगितलं की परवान्याच्या सुनावणीत अधिकृत पक्षकार नव्हतात, म्हणून न्यायालयात येता येणार नाही. परवाना बरोबर की चूक, ते बाजूलाच राहिलं.

एकलहरेकर
म्हणूनच कार्यकक्षेच्या टप्प्यावर लेखी हरकत द्यायची. मी एकच अट घालेन: जागेवर इंधन एका डब्यातून दुसऱ्यात घ्यायची, जाड भिंतींची बंद खोली पहिल्या दिवसापासून नकाशात हवी.

सातपूर वेल्डर
खोली पहिल्या दिवशी बांधली, तर ४० वर्षं तिची झरोक्यांपेक्षा जास्त देखभाल. जागा आणि पाया राखून ठेवा. आणि डबा वाहतुकीलाही मंजूर झालेला घ्या: ९ मीटरवरून पाडण्याची चाचणी, ८०० अंशांत अर्धा तास. बिघडला तर तारापूरच्या टाकीकडे परत नेता येईल.

निफाडकर
शंभर टनांचं पिंप कसारा घाटातून परत?

सातपूर वेल्डर
आणताना तोच घाट चढवणार आहात. तो रस्ता आधी मोजा, मग सिन्नरचं बोला.