मदत हवी आहे: बुडालेल्याचा शोध घेताना आपल्याच पोरांना कसं जपायचं?

बंधाऱ्याकाठी

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यात छोटं बचाव पथक आहे. पट्टीचे पोहणारे, थोडे ट्रेकर, दोन भोई काका, एक वायरमन. संस्थेची नोंदणी आहे, पगारी कोणी नाही. पोलीस ठाण्यातून किंवा तहसीलमधून फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं. जिवंत माणूस मिळण्याची आशा बहुतेक वेळा नसतेच. फोन येतो तोवर तास-दोन तास उलटलेले असतात. म्हणजे आम्ही जातो ते मृतदेह काढायला, हे सगळ्यांना माहीत असतं, पण काठावर तसं बोलता येत नाही.

23 मे 2024 ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची (राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाची) बोट उलटली आणि तीन जवान गेले. प्रशिक्षण घेतलेली, वर्दीतली माणसं. तेव्हापासून आमच्या पोरांच्या घरचे विचारतात, "त्यांचं असं झालं, तर तुमचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून हा धागा.

अडचण मुख्यतः दोन ठिकाणी येते. पहिली, केटी वेअरच्या, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याच्या, खालची जागा. प्रेत तिथेच फिरत राहतं, काठावरून दिसतंही. मग पन्नास जण ओरडतात, "ते बघा, दिसतंय की, जा ना!" बोट किती जवळ न्यायची?

दुसरी अडचण पाण्याची नाही, माणसांची आहे. अंधार पडला, पाणी वाढलं, आता थांबू या असं मी म्हणतो आणि कोणीतरी पुढारी फोन लावून माझ्या कानाला देतो. नातेवाइकांचा आक्रोश चालू असतो तो वेगळाच. थांबा म्हणायचा अधिकार नक्की कोणाचा?

आमच्याकडे आहे ते सांगतो: लाइफ जॅकेट (काहींचे बक्कल गेलेत), दोर, गळ, एक जुनी रबरी बोट. हेल्मेट ट्रेकिंगची. जाणकारांनी सविस्तर लिहावं. उपदेश चालेल, पण वापरता येईल असा.

---

डोहकर

दादा, बोट किती जवळ न्यायची याचं उत्तर: न्यायचीच नाही.

बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जातं आणि थोडं पुढे जाऊन वर उसळतं. त्या उसळीपासून बंधाऱ्याच्या भिंतीपर्यंत पृष्ठभागावरचं पाणी उलटं, म्हणजे भिंतीकडे वाहतं. काठावरून ते संथ दिसतं, फक्त फेस असतो. बोट उसळीच्या आत गेली की भिंतीकडे ओढली जाते, वरून पडणारं पाणी पुढच्या टोकावर बसतं आणि बोट पालथी होते. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असल्यामुळे इंजिनाच्या पंख्याला पकड मिळत नाही, जॅकेट घातलेला माणूसही नीट तरंगत नाही. प्रेत तिथेच गोल फिरत राहतं त्याचं कारण तेच. जे पाणी त्याला सोडत नाही ते तुमच्या पोरालाही सोडणार नाही.

वरच्या बाजूला वेगळा धोका. फळ्या अर्ध्याच काढलेल्या असतील तर गाळ्यांकडे (खांबांमधल्या मोकळ्या जागांकडे) जबरदस्त ओढ असते. माणूस फांद्या-कचऱ्यासकट गाळ्यात दाबला जातो आणि मग चार जणांनी ओढूनही निघत नाही.

उपाय काठावरचे. दोन्ही काठांना माणसं उभी करून मध्ये दोर, त्याला गळ, आणि तो दोर काठावरूनच सरकवत न्यायचा. नाहीतर पाणीच कमी करून घ्यायचं. आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) चालू असेल तर तहसीलदारांमार्फत जलसंपदा विभागाला सांगून विसर्ग कमी करता येतो, फक्त मागणी पहिल्या तासात गेली पाहिजे. वरून सोडणं बंद केलं तरी खालचं पाणी उतरायला वेळ लागतो.

आणि एक. पोहणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून सोडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कृपया बंद करा. प्रवाहात दोर ताणला की पाणी माणसाला खाली दाबतं आणि ती गाठ त्याला स्वतःला सोडवता येत नाही. झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याचं खास जॅकेट असेल आणि ते वापरायचा सराव असेल तरच दोर लावायचा.

---

सह्यकडा

काठावर बसून लिहायला सोपं आहे सगळं. आमच्या भागात "आम्ही उतरणार नाही" म्हटलं की लोक दगड उचलतात. मग गावातलाच एखादा बिनजॅकेटचा उडी मारतो आणि आम्हाला दोघांना शोधावं लागतं.

---

बंधाऱ्याकाठी

@डोहकर, कमरेच्या दोराचं आजच सगळ्यांना वाचून दाखवतो. आमचे भोई काका हे आधीपासून म्हणतात, पण तरणी पोरं ऐकत नाहीत.

@सह्यकडा, हेच! यावर कोणीतरी लिहा.

---

जुना_नायब

महसुलात नोकरी झाली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तालुक्याला व्यवहारात तहसीलदार आणि ठाण्याचे निरीक्षक बघतात. शोध अधिकृतपणे थांबवणं त्यांचं काम. पण आपला माणूस पाण्यात उतरवायचा की नाही, हे पथकप्रमुखाचंच. या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. "शोध थांबवा" असं तुम्ही म्हणूच नका, त्यावरूनच भडका उडतो. "आमचं पथक आता काठावरून शोध घेईल, उजाडल्यावर पाण्याची पातळी बघून पुढचं ठरवू" असं म्हणा, आणि तेच निरीक्षकांच्या तोंडून नातेवाइकांना सांगायला लावा. घरातला एक जाणता माणूस हेरून त्याला आपल्या बाजूला उभा करा, दर तासाला काय चाललंय ते सांगा. लोक चिडतात ते बहुतेक कोणी काही सांगत नाही म्हणून.

इर्शाळवाडी आठवा. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली. वर चढायला पायवाट, यंत्र नेता येईना, पाऊस थांबेना. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि 23 तारखेला शोध थांबवला. ग्रामस्थांशी बोलून थांबवला, म्हणून तो निर्णय टिकला. त्याच पहिल्या रात्री नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेले होते, हेही विसरू नका. तेव्हा बुडण्यापुरताच विचार करू नका. पथकात चाळिशी ओलांडलेले असतील तर त्यांचा बीपी, ईसीजी वर्षातून एकदा बघा.

@सह्यकडा, बिनजॅकेटच्या शूरांसाठी पोलिसांना आधीच सांगून गर्दी अडवणारी पट्टी लावून घ्यायची. पट्टीच्या आत फक्त पथक. हे पोहोचल्या पोहोचल्या करायचं, गर्दी जमल्यावर जमत नाही.

---

सरकारी_दवाखाना

डॉक्टर आहे, थोडक्यात लिहिते. मृतदेह हाताळणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बीची लस घ्यावी, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. धनुर्वाताचं इंजेक्शन असतंच. पुराच्या, गढूळ पाण्यात उतरणाऱ्यांना लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन गोळी देतात, पण मनाने घेऊ नका, आरोग्य केंद्रात विचारा. पायाला जखम असलेल्याला त्या दिवशी काठावरच ठेवा. हातमोजे दुहेरी: आत रबरी, वर जाड कामाचे.

मे महिन्यात उथळ, कोमट पाण्यात प्रेत दोन-तीन दिवसांत फुगून वर येतं. धरणाच्या खोल, गार पाण्यात जास्त दिवस लागतात. नातेवाइकांना हे ऐकवणं कठीण असतं, पण रात्रीच्या अंधारात माणूस उतरवण्याची घाई टाळायला ही माहिती उपयोगी पडते.

आणि लहान मुलाचं प्रेत काढलेल्या पोराला तसंच घरी पाठवू नका. झोप उडणं, चिडचिड, दारू वाढणं यावर लक्ष ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

---

डोहकर

बक्कल गेलेली जॅकेट फेकून द्या, दोरीने बांधून वापरू नका. नवीन घेताना मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का बघा. तो नसेल तर माणूस पाण्यात पडला की जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि तो खालून निसटतो. आणि गमबूट घालून कोणालाही बोटीत घेऊ नका, पोलिसांनाही.

बोट पाण्यात असताना वरच्या अंगाला एक माणूस ओंडके-झाडं बघायला, खालच्या अंगाला दोघं फेकायचा दोर घेऊन. एवढी माणसं नसतील तर बोट काढायची नाही. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे थांबा, आणि ती वाजवायचा हक्क सगळ्यांत लहान पोरालाही हवा.

---

बंधाऱ्याकाठी

मनापासून आभार. रविवारी बैठक लावली आहे. पट्टी, वरचा माणूस, खालची दोन माणसं, शिट्टी आणि रात्री बोट नाही, एवढं एका कागदावर लिहून ठाण्यात आणि तहसीलमध्ये पोच घेऊन देतो.

विम्याचं राहिलं. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा आहे, तो सगळ्यांचा काढतोय, पण दोन लाखांत काय होतं? आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि विमा मिळतो असं ऐकलंय. आमच्यासारख्या पथकातल्या कोणी ते केलं असेल तर अर्ज जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात कोणाकडे दिला, आणि भोई काकांसारख्या पन्नाशीतल्या माणसाला वयाची अडचण आली का, ते सांगा.