१ किलोव्होल्टची गन सुरू करताच यान चार्ज होतंय, पल्सनं भागेल का?

नांदेडकर_प्लाझ्मा:
१२यू क्यूबसॅट (छोटा उपग्रह, २०×२०×३० सेंमी), उंची ४०० किमी, इलेक्ट्रॉन गन १ किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर. सिम्युलेशनमध्ये यानाचं विभव लगेच १००० व्होल्टजवळ जातं आणि शलाका (इलेक्ट्रॉनांचा झोत) मागं वळते. टाइमस्टेप कमी करून पाहिला, तेच. सलग न सोडता पल्स (छोटे झटके) द्यावेत का?

धाराशिव_०७:
सिम्युलेशन बरोबर आहे, आकडाच झेपणारा नाही. जेवढा प्रवाह बाहेर टाकाल तेवढा आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, आयनित थरातून) परत यायला हवा. दिवसा घनसेंटीमीटरला १० लाख इलेक्ट्रॉन धरले तर चौरस मीटरला सुमारे १० मिलिअँपिअर मिळतात, रात्री १ लाख असतील तर १. तुमचं सगळं पृष्ठ ०.३२ चौ. मी., म्हणजे दिवसा जेमतेम ३ मिलिअँपिअर. त्यातही ॲनोडाइज्ड पत्रा आणि सोलर सेलवरची काच यांचा उपयोग शून्य, ते विद्युतरोधक. विभव वाढलं की ओढ वाढते खरी, पण चुंबकक्षेत्र आडवं येतं.

लातूर_व्हॅक्यूम:
पल्सचं गणित करूनच टाका. एवढ्या यानाची धारकता १५-२० पिकोफॅरड. १०० मिलिअँपिअरनं ते ०.२ मायक्रोसेकंदात १ किलोव्होल्टला पोचतं. यानाभोवती जमणाऱ्या प्लाझ्माच्या आवरणामुळं थोडी वाढ धरा, तरी मायक्रोसेकंदाच्या आतच, म्हणजे पल्सनं भागत नाही. अमेरिकेच्या स्पेस शटललासुद्धा हा त्रास होता: बाहेरून विद्युतरोधक टाइल्स, प्रवाह गोळा करायला मुख्यतः इंजिनांचे नोझल. १९८३ च्या स्पेसलॅब-१ (शटलमधली प्रयोगशाळा) वरच्या सेपॅक या इलेक्ट्रॉन शलाकेच्या प्रयोगात म्हणूनच शलाकेसोबत वायू सोडायची सोय होती. वायू आयनित झाला की परतीचा प्रवाह मिळतो.

नांदेडकर_प्लाझ्मा:
मग ०.५ मिलिअँपिअर, तेही फक्त दिवसा. शलाका नांदेडवर सरळ खाली सोडली तर?

धाराशिव_०७:
सरळ जाणारच नाही. आपल्याकडं चुंबकरेषांचा झुकाव ३० अंशांहून कमी, रेषा जवळपास आडव्याच. तिथं १ किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची फिरण्याची त्रिज्या ३ मीटरच्या आसपास. शलाका रेषेभोवती मळसूत्रासारखी फिरत राहील. चुंबकरेषेला जवळपास काटकोनात सोडली तर यानावरच परत आदळू शकते.

लातूर_व्हॅक्यूम:
जमिनीवर निर्वात टाकीत चाचणी घेणार असाल तर गनचा पुरवठा बॅटरीवर, जमिनीपासून तोडून ठेवा आणि मध्ये मीटर लावा. नाहीतर टाकीची भिंतच परतीचा प्रवाह पुरवते, चार्जिंग दिसत नाही आणि माणूस खूश होतो. शिवाय उरलेल्या वायूमुळं निळसर झळाळी आली तर ते शलाका-प्लाझ्मा डिस्चार्ज (शलाकेनं वायू आयनित होऊन पेटणं) असू शकतं, गनचा गुण नव्हे. दाब १०⁻⁶ टॉरपर्यंत आणा. भारनियमन चालू असेल तर ऑक्साइड कॅथोड (गनमधला इलेक्ट्रॉन सोडणारा गरम भाग) वापरू नका: वीज गेली, पंप थांबला, की गरम कॅथोडला हवा लागून तो कायमचा बिघडतो. लँथॅनम हेक्साबोराइडचा कॅथोड जास्त सोसतो, पण त्याला तापमान १५०० अंशांच्या पुढं लागतं, तेवढी वॅट तुमच्या पॅनेलमधून निघते का ते आधी बघा.